‘स्पेक्टेट’ : शब्द खरा की खोटा?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातल्या पेठेतल्या एका मुलाने तिथल्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्याची बातमी इंग्रजीत लिहिली. ‘हजारो लोकांनी सामना पाहिला’ हे सांगताना त्याने ‘स्पेक्टेट’ हे क्रियापद घातलं. सरांनी ‘असा शब्दच नाही’ म्हणून खाली लाल रेघ ओढली. पण मोबाइलच्या खेळात आपला गडी बाद झाला की पडद्यावर हाच शब्द येतो. मग खरं काय, अर्थ काय आणि तो आला कुठून?

शब्द आहे आणि कोशांतही आहे. खेळ, शर्यत किंवा सोहळा चालू असताना स्वतः त्यात न उतरता तो बघणं, हा त्याचा अर्थ.

यातला ‘स्वतः न उतरता’ हा भाग फार महत्त्वाचा. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात कुस्ती लागली आहे. हौद्याच्या कडेला उकिडवा बसून ‘पट काढ, पट काढ’ म्हणून ओरडणाऱ्या वस्तादाची नजर पैलवानावरून हलत नाही, पण त्याच्यासाठी हे क्रियापद चालणार नाही, कारण तो त्या कुस्तीत आहेच. पंचांनाही ते लागू नाही, त्यांचं बघणं हे काम आहे. वर उतरत्या बैठकीवर दाटीवाटीने बसलेली जी माणसं आहेत, जी डाव बसला की एकदम उठून उभी राहतात, ती ‘स्पेक्टेट’ करतात. अपघात बघितला तर ‘विटनेस’, टीव्हीवर मालिका बघितली तर साधं ‘वॉच’.

आता सरांच्या रेघेबद्दल. तिला कारण आहे. या शब्दाचा जन्म उलट्या बाजूने झाला. ‘स्पेक्टेटर’ हे नाम लॅटिनमधून जसंच्या तसं इंग्रजीत आलं, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. क्रियापद तेव्हा नव्हतं. पुढे लोकांनी नामाचं शेपूट तोडून ते बनवलं. अशी क्रियापदं सुरुवातीला कानाला बोचतात, म्हणून जुन्या वळणाच्या शिक्षकांना ती खटकतात. पण ‘एडिट’सुद्धा ‘एडिटर’वरून असंच बनलं आहे, आणि त्यावर आज कुणी रेघ मारत नाही. मला विचाराल तर हा शब्द चुकीचा ठरवणं अन्यायाचं आहे.

मूळ लॅटिन क्रियापद ‘स्पेक्टारे’, म्हणजे टक लावून, पुन्हा पुन्हा बघणं. रोममध्ये खेळ बघायच्या बैठकींनाच ‘स्पेक्टाक्युला’ म्हणत. खासबागेची कल्पना शाहू महाराजांना रोमचं कलोसियम पाहून सुचली आणि 1912 साली मैदान उभं राहिलं, त्यामुळे कोल्हापूरकराला हा शब्द परका वाटायचं कारण नाही.

त्याच्याही मागे गेलं तर खरी मौज आहे. लॅटिनमधला हा ‘स्पेक्’ आणि संस्कृतातला ‘स्पश्’ एकाच मूळ धातूचे. ‘स्पश्’ म्हणजे बघणं. ऋग्वेदात वरुणाचे ‘स्पश’ आहेत, सगळीकडे नजर ठेवणारे हेर. इंग्रजीतला ‘स्पाय’ही याच घराण्यातला. आणि आपण दिवसातून दहादा म्हणतो तो ‘स्पष्ट’ याच धातूचा, म्हणजे मुळात ‘दिसलेलं’. ‘पश्यति’सुद्धा इथलाच, फक्त आधीचा ‘स’ गळाला. ‘इन्स्पेक्टर’, ‘रिस्पेक्ट’, ‘सस्पेक्ट’ ही सगळी भावंडं. ‘एक्स्पेक्ट’ म्हणजे मुळात बाहेर नजर लावून बसणं, आपण ‘वाट बघणं’ म्हणतो तेच. ‘अपेक्षा’ आणि ‘प्रेक्षक’ मात्र ‘ईक्ष्’ या वेगळ्या धातूचे, त्याचाही अर्थ बघणंच. ‘प्रेक्ष्’वरून जुन्या मराठीत ‘पेखणे’ होतं. संतांच्या रचनांत ते सापडतं, बोलण्यातून गेलं.

राहिला वापराचा मुद्दा. हे क्रियापद बहुधा कर्माशिवाय येतं: अमुक जण खेळायला आला नव्हता, ‘स्पेक्टेट’ करायला आला होता. ‘सामना’ हे कर्म थेट जोडायची पद्धत आता, विशेषतः मोबाइलच्या खेळांमुळे, पसरली आहे, पण छापील बातमीत ती अजून ओबडधोबड वाटते. त्या मुलाने ‘हजारो लोकांनी सामना पाहिला’ इथे ‘वॉच’ लिहावं. दुखापतीमुळे बाकावर बसलेल्या खेळाडूबद्दलचं वाक्य असेल, तर तिथे ‘स्पेक्टेट’ खुशाल ठेवावं.