मोफत विधी सहाय्याच्या वकील पॅनेलवर नव्याने आलेल्या ज्युनिअरला

मोफत विधी सहाय्याचं राज्यघटनेतलं कलम 39-अ 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलं. ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, आणि ती थेट कोर्टातून बजावून घेता येत नाहीत, म्हणून नुसतं त्याच्यावर विसंबू नकोस. खरा जोर कलम 21 चा, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा. हुसैनारा खातून प्रकरणात (1979) सर्वोच्च न्यायालयाने मोफत वकील हा न्याय्य प्रक्रियेचाच भाग मानला. त्याआधी 1978 मध्ये आपल्याच राज्यातल्या होस्कोट प्रकरणात कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेत मिळायला हवी असं म्हटलं होतं. सुक दास प्रकरणाचा निकाल (1986) मात्र नीट वाच: आरोपीने वकील मागितलाच नाही, म्हणून त्याचा हक्क जात नाही. रिमांडच्या वेळी हे फार कामाला येतं.

रोजच्या कामाला 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा. मोफत वकील कुणाला मिळतो ते सांगणारं त्याचं कलम 12 पाठच कर. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतली माणसं, यांना उत्पन्नाची अट नाही. तरीही खिडकीवर बाईकडे उत्पन्नाचा दाखला मागितला जातो! तिला तहसीलला पिटाळू नकोस, कलम दाखव. ज्यांना अट आहे, त्यांचंही प्रतिज्ञापत्र सहसा पुरतं.

लोकअदालतीत तडजोड झाली की कोर्ट फी परत मिळते, पण त्या निवाड्यावर अपील नाही. सही घेण्याआधी पक्षकाराला हे त्याच्या भाषेत सांग, घाईत तर नक्कीच.

आणि पक्षकाराकडून चहासुद्धा घेऊ नकोस.