कोणाला काय माहीत आहे?

सप्रेम आशीर्वाद.

तुझा निबंध मिळाला, नीट वाचला. अमेरिकन लेखिका केट चोपिनच्या ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ या कथेवर लिहिताना ‘थीम’, ‘कॅरेक्टर’, ‘टेक्निक’ असे तीन मथळे पाडले आहेस. परीक्षेत तसंच लिहायला शिकवतात, त्यामुळे तुला बोल लावत नाही. पण त्या पद्धतीत थीम आधी ठरते आणि कथा तिच्या पुराव्यापुरती उरते. तुझं पहिलंच वाक्य आहे, ‘जुलमी नवऱ्याच्या मृत्यूमुळे एका स्त्रीला मुक्ती मिळते.’ कथेत जुलमी नवरा कुठे आहे? पुन्हा उघडून बघ. ब्रेंटली मॅलर्डचे हात मायाळू होते, त्याने आपल्याकडे कधी प्रेमाशिवाय पाहिलं नाही, हे त्याच्या बायकोच्याच मनात येतं, आणि तेही ‘सुटले, सुटले’ असं पुटपुटून झाल्यावर. चोपिनला खलनायक हवा असता तर तो उभा करणं सोपं होतं. तिने तसं केलं नाही, आणि कथा अवघड होते ती तिथेच.

अशा कथा वाचताना मी आधी एवढंच तपासते: कोणाला काय माहीत आहे, आणि कोण कोणाला काय कळू देत नाही? थीमचा विचार त्यानंतर.

या कथेवर हा प्रश्न लावून बघ. कथा जेमतेम हजार शब्दांची. पहिल्याच वाक्यात मिसेस मॅलर्डला हृदयविकार आहे, म्हणून नवऱ्याच्या मृत्यूची बातमी तिला जपून सांगायची काळजी घेतली जाते. बहीण जोसेफीन अर्धवट वाक्यांत, आडून आडून सांगते. नवऱ्याचा मित्र रिचर्ड्स वर्तमानपत्राच्या कचेरीत होता, रेल्वे अपघाताची बातमी त्याने तिथे ऐकली, दुसऱ्या तारेने खात्री करून घेतली आणि धावत आला. दोघंही भली माणसं आहेत. पण तिला काय कळावं, कसं कळावं, हे तेच ठरवतात.

मग ती खोलीत जाऊन दार लावून घेते, आणि इथून पुढे फक्त वाचक तिच्यासोबत असतो. उघडी खिडकी, पावसाचा वास, रस्त्यावर ओरडणारा फेरीवाला, वळचणीला चिमण्या. तू या सगळ्याला ‘वसंत ऋतूचे प्रतीक’ म्हणून एका ओळीत उरकलंस. जरा थांबायला हवं होतं. शोकाच्या खोलीत बाहेरचं जग एकेका इंद्रियातून आत येतंय, आणि तिला स्वतःला काय होतंय ते अजून कळलेलं नाही. काहीतरी आपल्याकडे येतंय एवढंच तिला जाणवतं, आणि ती घाबरून त्याची वाट बघते. वाचकालाही ते तिच्याबरोबरच कळतं. बाहेर जोसेफीन किल्लीच्या भोकाला तोंड लावून विनवतेय, दार उघड, आजारी पडशील. तोवर ‘मिसेस मॅलर्ड’ असलेल्या बाईला ‘लुईस’ या तिच्या नावाने पहिल्यांदा हाक मारली जाते ती इथे. तिला स्वतःचं आयुष्य परत मिळाल्यानंतर.

आता तुझी थीम कुठे आहे ते बघ. याच भागात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा: दुसऱ्या माणसावर आपली इच्छा लादायचा आपल्याला हक्क आहे, असं स्त्री-पुरुष आंधळेपणाने मानतात, आणि हेतू प्रेमळ असो वा क्रूर, ते कृत्य तिला गुन्ह्याहून कमी वाटत नाही. चोपिनने फक्त पुरुष म्हटलेलं नाही. आता पहिल्या वाक्यातली ‘काळजी’ आठव. जोसेफीनची विनवणी, रिचर्ड्सची धावपळ, नवऱ्याची माया, सगळं एका धाग्यात येतं. तुझे तीन मथळे इथे आपोआप गळून पडतात.

शेवट तर फार काटेकोर लिहिला आहे. लॅच-कीने दार उघडून ब्रेंटली आत येतो. अंगावर प्रवासाची धूळ, हातात बॅग आणि छत्री, अपघाताची गंधवार्ताही नाही. जोसेफीन किंकाळी फोडते. रिचर्ड्स झटकन मध्ये येतो, लुईसला नवरा दिसू नये म्हणून, म्हणजे याही क्षणी तिने काय पाहावं ते दुसराच ठरवतोय. आणि ज्या निवेदकाने इतका वेळ आपल्याला तिच्या मनात बसवलं होतं, तो नेमका आता बाहेर येतो. ती काय पाहते, तिला काय वाटतं, एक अक्षर नाही. पुढचं वाक्य डॉक्टरांचं: हर्षातिरेकाने हृदय बंद पडलं. खरं काय घडलं ते त्या घरात कोणालाच कळणार नाही. तुला आणि मला ठाऊक आहे. मला ही जागा दर वेळी तितकीच अस्वस्थ करते.

चोपिनच्या चरित्राबद्दल तू विचारलं होतंस. तिचे वडील १८५५ मध्ये रेल्वेचा पूल कोसळून गेले, नवरा १८८२ मध्ये गेला, आणि ही कथा ‘व्होग’मध्ये डिसेंबर १८९४ मध्ये छापून आली. माहिती खरी आहे, पण निबंधात ती शेवटाकडे ने. पहिल्या पानावर घातलीस तर वाचणारा कथा सोडून चरित्रच वाचत बसेल.

हाच प्रश्न घेऊन शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ वाच. तिथे मांडणी उलटी आहे: गावातल्या तीनशे माणसांना सगळं माहीत, अंधारात फक्त वाचक. आणि लपवलेलं काहीच नाही! २७ जूनची लख्ख सकाळ, आणि पहिल्या दोन परिच्छेदांतच पोरं गुळगुळीत दगड वेचून ढीग रचतात. सोडतीत ज्याची चिठ्ठी निघेल त्याला गाव त्याच दगडांनी मारणार असतं, पण आपण ते वाचतो आणि पुढे जातो. निवेदक जवळपास कोणाच्याच मनात शिरत नाही, बातमी द्यावी तसं सांगत जातो. टेसी हचिन्सनला ‘बळी’ म्हणून मोकळं होऊ नकोस. ती उशिरा येते, भांडी टाकून कशी येणार म्हणून थट्टा करते, लॉटरीविरुद्ध चकार शब्द काढत नाही. चिठ्ठी आपल्या घरावर निघाल्यावर तिला अन्याय दिसतो, आणि मग ती लग्न झालेल्या मुलीलाही सोडतीत ओढायला बघते, म्हणजे स्वतःवरचा धोका तेवढाच घटेल. त्या एका वाक्यात ती बाई पूर्ण कळते. जून १९४८ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये ही कथा आली तेव्हा तीनशेवर पत्रं आली. काहींनी तर विचारलं होतं की अशा लॉटऱ्या कुठे होतात आणि बघायला जाता येईल का.

फॉकनरची ‘अ रोझ फॉर एमिली’ त्यानंतर घे. तिथे ‘आम्ही’ म्हणून सगळं गाव बोलतं. एमिलीच्या बंद घरात एक प्रेत आहे, हे त्या ‘आम्ही’ला किती आधीपासून कळलं होतं, एवढंच टिपत जा. घरातून दुर्गंधी येते तेव्हा रात्री जाऊन गुपचूप चुना टाकणारे लोक सकाळी काही विचारत नाहीत, तिथे खूण कर.

निबंध नव्याने लिही, मथळे न पाडता. रिचर्ड्सला निदान एक पान दे, त्याच्याकडे फार कोणी बघत नाही. रविवारपर्यंत पाठवलास तर वाचून संध्याकाळी फोन करते.

तुझी,
मॅडम