स्वस्त शहरात नक्की काय स्वस्त असतं?

या महिन्याची बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत. मोठ्या शहरातले वाचक विचारतात, मध्यम शहरात जाऊन राहिलो तर परवडेल का? आणि मध्यम शहरातले लिहितात की इथे आम्हालाच परवडेनासं झालंय. माझी सगळी नोकरी भाव गोळा करण्यात गेली. दर महिन्याला ठरलेल्या दुकानांत जायचं, ठरलेल्या वस्तूंचे भाव विचारायचे, लिहून घ्यायचे आणि काहीही न घेता बाहेर पडायचं. दुकानदार वैतागायचे, ते साहजिकच होतं. पण त्या कामामुळे एखादं शहर सरसकट स्वस्त असतं यावरचा माझा विश्वास उडाला.

प्रश्न : ताई, मी आणि माझी बायको दोघंही मोठ्या शहरात नोकरी करतो. मला एका मध्यम शहरात नोकरी चालून आली आहे. पगार पाव हिश्शाने कमी आहे, पण घरभाडं निम्म्याहूनही कमी पडेल. बायकोला तिच्या कंपनीने तूर्त घरून काम करायची परवानगी दिली आहे. मित्र म्हणतात, डोळे झाकून जा. महिन्याचा हिशेब सोबत जोडला आहे. काय करावं?

उत्तर : हिशेब जोडलात हे फार बरं केलंत. तुमच्या रकमा मी छापत नाही. दोघांचं मिळून आजचं उत्पन्न १०० धरते आणि बाकी सगळं त्याच मापात सांगते.

आज १०० मधले ३५ घरभाड्यात जातात, ४ बस-रेल्वेच्या पासात, १० सेवांवर (घरकामाची मदत, केशकर्तन, शिकवणी, किरकोळ दुरुस्त्या) आणि ३१ किराणा, कपडे, औषधं, फोन, वीज वगैरेंवर. शिल्लक २०. उत्पन्नात तुमचा वाटा ६० आणि बायकोचा ४०.

आता नवं शहर. तुमचे ६० चे ४५ झाले, म्हणजे घरात आले ८५. भाडं ३५ वरून १५ वर उतरलं. मित्रांनी इथवरच हिशेब केला : पगारात १५ गेले, भाड्यात २० वाचले, निव्वळ ५ चा फायदा. पुढचं त्यांनी पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलेलं घर ऑफिसपासून लांब आहे आणि तिथे बस धड नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग दोन वाहनं आली. हप्ता, इंधन, विमा, टायर, गॅरेज धरून ४ चे १२ होतील. सेवा १० वरून ७ वर येतील. आणि ते ३१ तसेच्या तसे राहतील. बेरीज झाली ६५, शिल्लक पुन्हा २०.

म्हणजे एवढा खटाटोप करून तुम्ही आहात तिथेच. मोकळी हवा आणि मोठी खोली मिळेल, तिची किंमत तुमची तुम्ही ठरवा. माझा धंदा आकड्यांचा.

ते ३१ का हलत नाहीत, हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. फोन, औषध, टायर, पंखा, साबण यांचे भाव तुमच्या शहरात ठरत नाहीत. त्या वस्तू लांबून येतात आणि सगळीकडे जवळपास त्याच भावात विकल्या जातात. लहान बाजारात विकणारे मोजके असले तर उलट थोड्या महागच पडतात. शहराशहरांत खरा फरक पडतो तो दोन गोष्टींत : जमीन आणि माणसाचा वेळ. जमीन उचलून दुसरीकडे नेता येत नाही, आणि केस कापणारा रोज दुसऱ्या गावाहून येत नाही. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये आपापल्या लेखांत हीच गोष्ट देशांच्या बाबतीत मांडली होती : जिथे मजुरी कमी तिथे सेवा स्वस्त, पण बाहेर विकता येणाऱ्या वस्तूंचे भाव मात्र एकमेकांच्या जवळ राहतात. शहरांनाही ते बरंचसं लागू पडतं. फक्त एक ध्यानात ठेवा. सेवा स्वस्त असते ती कुणाची तरी मिळकत कमी असते म्हणून, आणि नव्या शहरात गेल्यावर तो कुणीतरी तुम्हीही असता. तुमचा पगार पाव हिश्शाने कमी झाला तो असा.

यातून वाट आहे. ऑफिसजवळचं घर बघा, भाडं १५ ऐवजी १८ पडलं तरी चालेल. एका वाहनात भागलं तर प्रवासखर्च १२ चा ५ होतो. भाडं आणि प्रवास मिळून २७ चे २३ झाले, शिल्लक २४. शिकागोतली सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था घर परवडतं की नाही हे ठरवताना घर आणि प्रवास यांची बेरीजच धरते आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असावं असं मानते. घर शोधताना दलालाला भाडं विचारण्याआधी पायी किती मिनिटं लागतात ते विचारा.

आता मला खरी काळजी आहे ती तुमच्या पत्रातल्या 'तूर्त' या शब्दाची. बायकोची परवानगी उद्या काढून घेतली तर? ८५ चे ४५ होतील आणि खर्च ६५ तसाच राहील. तिथेच दुसरी नोकरी मिळाली आणि ४० च्या जागी २४ आले, तर शिल्लक फक्त ४. मोठ्या शहराचं महागडं भाडं भरताना माणूस नकळत एक गोष्ट विकत घेत असतो : एक नोकरी गेली तर त्याच शहरात दुसरी मिळण्याची शक्यता, तीही दोघांसाठी. मध्यम शहरात एखाद्या कामाचे दोन-तीनच मालक असतात. तेव्हा ती परवानगी लेखी घ्या, मुदतीसकट. लेखी मिळत नसेल तर मी जाणार नाही. निर्णय मात्र तिचाही आहे, आणि पत्रावर सही एकट्या तुमचीच दिसते.

प्रश्न : आमच्या शहराचा महागाई निर्देशांक शेजारच्या मोठ्या शहरापेक्षा जास्त आहे. म्हणजे आमचं शहर त्याहून महाग झालं का? आमच्या कट्ट्यावर यावरून वाद पेटला आहे.

उत्तर : नाही. कट्ट्यावर सांगा की दोन्ही बाजू हरल्या. प्रत्येक शहराचा निर्देशांक त्याच शहराच्या पायाभूत वर्षाला १०० धरून निघतो. तिथून भाव किती चढले एवढंच तो सांगतो, भाव मुळात कोणत्या पातळीवर होते हे नाही. दोन मुलांची उंची गेल्या वर्षभरात किती वाढली हे कळल्यावर त्यांच्यातला उंच कोण हे सांगता येईल का? तसंच हे.

जर्मन अर्थशास्त्रज्ञ एतियेन लास्पेरेस यांनी १८७१ मध्ये मांडलेलं सूत्र थोड्याफार फरकाने आजही अनेक देशांत वापरात आहे : जुन्या काळातल्या खरेदीची यादी पक्की धरायची आणि तीच यादी आजच्या भावाने किती पडते ते पाहायचं. दोन ठिकाणांची तुलना करायची तर तीच यादी एकाच वेळी दोन्हीकडे न्यावी लागते, आणि ते काम निराळं आहे. देशादेशांमधली अशी तुलना १९६८ मध्ये सुरू झाली, आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम या नावाने. अमेरिका आपल्या राज्यांसाठी आणि महानगर क्षेत्रांसाठी असे आकडे दरवर्षी काढते, देशाची सरासरी १०० धरून. त्यांत वस्तूंच्या भावातला फरक थोडा दिसतो आणि घरभाड्यातला फार मोठा. वरच्या उत्तरात मी सांगितलं ते तिथे आकड्यांतच पाहायला मिळतं.

प्रश्न : मी एकटी राहते, पगार बेताचा आहे. भाडं पगाराच्या ३० टक्क्यांच्या आत असावं असं सगळीकडे वाचते. माझं ४० टक्के जातं. माझं कुठे चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकत नाहीये. हा आकडा काही निसर्गनियम नाही. अमेरिकेत सरकारी घरांतल्या भाडेकरूंकडून किती भाडं घ्यावं याची मर्यादा १९६९ मध्ये उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर बांधली होती, १९८१ मध्ये ती ३० वर नेली. अनुदानाच्या हिशेबासाठी केलेला तो नियम होता. पुढे सल्ले देणाऱ्यांनी तो उचलला आणि गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकाच मापाने लावला.

उत्पन्न कमी असलं की घराचा वाटा मोठा दिसतो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ हेर्मान श्वाबे यांनी बर्लिनच्या आकड्यांवरून १८६८ मध्येच दाखवलं होतं. त्याआधी १८५७ मध्ये एर्न्स्ट एंगेल यांनी अन्नखर्चाबाबत तेच म्हटलं होतं. भरपूर पगाराच्या माणसाला ५० टक्के भाडं दिल्यावरही चैन करता येते, आणि तुटपुंज्या पगारात २० टक्के भाडंही जड जातं. म्हणून टक्केवारी सोडा आणि उलट्या बाजूने या. जेवण, औषधं, येणं-जाणं, घरी पाठवायचे पैसे, वर्षातून एकदा येणारे खर्च बारा महिन्यांत वाटून, शिवाय अडीनडीला थोडे, हे सगळं आधी पगारातून वजा करा. उरेल तेवढंच भाडं तुम्हाला परवडतं. मायकेल स्टोन या अमेरिकी अभ्यासकाने हीच पद्धत आग्रहाने मांडली. तुम्ही पाठवलेल्या यादीवरून मी वजाबाकी केली. ४० टक्के भाडं देऊनही महिना जेमतेम निभतो, पण अडीनडीच्या रकान्यात शून्य आहे. खोलीत जोडीदारीण घ्यायची तयारी असेल तर त्याच कामासाठी घ्या. वाचलेल्या पैशांतून नवा फोन नको.

प्रश्न : बाहेरच्या शहरांचे पगार घेणारे लोक इथे येऊन घरून काम करतात आणि मागतील ते भाडं देतात. माझ्या मालकाने नव्या कराराला भाडं एकदम वाढवून मागितलंय. आणि सरकारी आकडा सांगतो की भाडी फारशी वाढलेली नाहीत! खोटं कोण बोलतंय?

उत्तर : कुणीच नाही. सर्वसाधारणपणे निर्देशांकात सगळ्या भाडेकरूंचं भाडं मोजतात, जुन्या करारावर बसलेल्यांचंसुद्धा. त्यांचं भाडं महिनोन्‌महिने हलत नाही, त्यामुळे आज रिकाम्या घरावर लागलेली पाटी त्या सरासरीत उशिरा आणि हळूहळू उतरते. तुम्ही ती पाटी बघताय, आकडा अजून मागे आहे.

मालकाचा खर्च वाढला म्हणून भाडं वाढलं असंही समजू नका. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये शेतजमिनीबद्दल लिहिलं होतं की खंड (जमिनीचं भाडं) भरावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग असतं म्हणून खंड मिळतो. घराचंही तेच. देणारा आला की भाडं चढतं. नवीन घरं बांधायला वर्षं लागतात, सामान बांधून शहर बदलायला आठवडा पुरतो. या दोन वेगांतला फरक तुमच्या खिशातून भरला जातोय. आलेल्यांवर राग काढून उपयोग नाही. नवी घरं किती आणि कुठे मंजूर होताहेत, हे नगरसेवकाला विचारणं जास्त कामाचं.

करारापुरतं सांगते. नियमित भाडं देणारा भाडेकरू सोडून नवा शोधायचा म्हटलं की घर एखादा महिना रिकामं पडतं, रंगकाम येतं, दलाली येते. हा खर्च मालकालाही ठाऊक असतो. तेव्हा एक वर्षाऐवजी तीन वर्षांचा करार मागा, दरवर्षीची वाढ आत्ताच लिहून घ्या, आणि पहिल्या वर्षाची वाढ निम्म्यावर आणायचा प्रयत्न करा. बोलायला जाताना त्याच गल्लीतल्या तीन-चार रिकाम्या घरांची भाडी विचारून, कागदावर लिहून न्या.

प्रश्न : मध्यम शहरात घर विकत घेणं कधी परवडतं म्हणायचं?

उत्तर : डेमोग्राफिया नावाचा एक आंतरराष्ट्रीय अहवाल शहरातल्या घराच्या मध्यम किमतीला (निम्मी घरं जिच्याहून स्वस्त, निम्मी महाग अशा किमतीला) कुटुंबाच्या तशाच मध्यम वार्षिक उत्पन्नाने भागतो. उत्तर ३ किंवा कमी आलं तर परवडणारं, ५ च्या वर गेलं तर अत्यंत न परवडणारं. मात्र भागाकार करताना उत्पन्न त्याच शहरातलं धरा. बाहेरगावचा पगार घेऊन मध्यम शहरात घर घेणाऱ्यांना हा भागाकार फार गोड दिसतो. हप्ते वीस वर्षं चालतात, आणि ती नोकरी सुटली तर पुढचे हप्ते त्या शहरात मिळेल त्या पगारातूनच भरायचे असतात.