सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) असलेल्या मुलाला व्हीलचेअर दिली, तर तो चालण्याचे प्रयत्न सोडून देईल का?

ही भीती नागपुरातील अनेक पालक बोलून दाखवतात, परंतु तिला शास्त्रीय आधार नाही. हालचालीच्या क्षमतेचे पाच स्तर मानले जातात. तिसऱ्या स्तरावरील मूल घरात वॉकरने चालते, तर लांबच्या अंतरासाठी त्याला व्हीलचेअर लागते, म्हणजे दोन्ही साधने एकाच वेळी उपयोगी पडतात. माझ्या मते पालकांची खरी अडचण वेगळीच आहे: महाल-इतवारी या शहराच्या जुन्या भागांतील अरुंद गल्ल्या, उंच उंबरठे आणि वाढत्या मुलाला रोज उचलून आईच्या पाठीला जडलेले दुखणे. म्हणून खुर्ची घेण्यापूर्वी दाराची रुंदी मोजावी आणि फिजिओथेरपिस्टकडून मुलाच्या मापाची बैठक ठरवून घ्यावी. मानेला व कंबरेला आधार नसलेली खुर्ची बहुधा पडूनच राहते. दिव्यांगांना सहायक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पात्र कुटुंबांना अशी साधने मिळतात. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे सरकारी ओळखपत्र, आधी काढावे.