खोली मिळाली, आता पाटीवर काय लिहू?

प्रश्न : मी सांगलीची. वय ३६. समुपदेशन मानसशास्त्रात एम. ए. केलंय. पाच वर्षं शाळेत काम केलं, सध्या एका दवाखान्यात अर्धवेळ आहे. आता स्वतःचं समुपदेशन केंद्र काढायचं आहे. विश्रामबागेत जिन्यालगतची एक खोली पाहिली; भाडं ७,०००. मिस्टर म्हणतात, घरातच सुरू कर. परवाने कुठले लागतात, फी किती घ्यावी, पाटीवर काय लिहावं आणि एकटीनं हे जमेल का?

उत्तर : डिपॉझिट द्यायच्या आधी मिस्टरांना त्या खोलीत बसवा, दार लावून घ्या आणि नेहमीच्या आवाजात पेपर वाचायला सांगा. तुम्ही जिन्यात उभ्या राहा. शब्द कळले, तर ती खोली तुमची नाही.

कोल्हापुरातल्या माझ्या पहिल्या खोलीशेजारी एक टेलर होते, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. दिवसभर मशिनची घरघर, मला वाटायचं बरंच आहे, आवाज झाकला जातो. तिसऱ्या आठवड्यात एक मुलगी सासऱ्यांबद्दल सांगायला लागली आणि पलीकडची मशीन थांबली. नुसती थांबली. तिनंही ते ऐकलं. पर्स उचलली, 'बघते पुढच्या वेळी' म्हणाली, ती परत आलीच नाही. नंतर मी त्या पार्टिशनला पुस्तकांनी भरलेलं कपाट लावलं, दाराखालच्या फटीला रबर ठोकलं. तिच्यासाठी उशीरच झाला होता.

घरातून सुरू करायला माझी ना नाही. पण कुकरच्या शिट्ट्या एक वेळ चालतील; 'कोण गं ती, मागच्या गल्लीतल्या वहिनींची सून ना?' हा प्रश्न चालणार नाही. सांगलीत सगळे सगळ्यांना ओळखतात.

एकटीनं जमेल का? नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. उद्घाटनाच्या आधी गावातल्या दोन मानसोपचारतज्ज्ञांना जाऊन भेटा. आपण काय करतो, कुठं थांबतो आणि कुणाला त्यांच्याकडे पाठवणार, हे स्पष्ट सांगा. रात्री दहानंतरही फोन उचलेल असा त्यातला एक तरी हवा. तुमच्या फोनवर रात्रीसाठी जो निरोप ठेवाल, त्यात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घाला. तो चोवीस तास चालतो. शिवाय महिन्यातून दोनदा एखाद्या ज्येष्ठ समुपदेशकापुढे स्वतःच्या केसेस घेऊन बसा. त्यांची फी द्या, फुकट मागू नका.

आता पैसे. सुरुवातीला मी 'जमेल ते द्या' म्हणायची. एका गृहस्थांनी मे महिन्यात हापूसची पेटी आणली आणि जूनपासून यायचे बंद झाले. आंबे देऊन ते मोकळे झाले, की पैसे दिले नाहीत म्हणून संकोचले, मला आजही कळलेलं नाही. पेटी मात्र संपवली. तेव्हा आकडा ठरवा आणि आरशासमोर मोठ्यानं म्हणून बघा. समजा ७०० रुपये. पहिल्या वर्षी महिन्याला २५ भेटी झाल्या तरी पुष्कळ, म्हणजे १७,५००. भाडं ७,०००, वीज-नेट १,५००, ज्येष्ठांची फी ३,०००. हातात ६,०००. म्हणून दवाखान्यातली नोकरी वर्षभर सोडू नका.

कागदपत्रांचा धसका नको. तुमच्यासारख्या छोट्या केंद्राला दुकाने अधिनियमाखाली ऑनलाइन सूचना देऊन भागतं. व्यवसाय कर वर्षाला २,५००. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीचं नाव काढू नका. खरा महत्त्वाचा कागद पहिल्या भेटीतला संमतीपत्राचा. बोललेलं गुप्त राहील, पण जिवाला धोका दिसला तर मी घरच्यांना किंवा डॉक्टरांना कळवीन, आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं मला भागच आहे, हे त्यात लिहा आणि तोंडीही सांगा. नंतर सांगितलं तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं.

पाटीवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहू नका; त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती समुपदेशन मानसशास्त्राच्या एम. ए.वर मिळत नाही. 'समुपदेशक' लिहा. तेही बारीक अक्षरात चालेल. माझ्या पाटीवर तर नाव आणि वेळ एवढंच आहे. खालचा चहावाला विचारणाऱ्याला 'वर त्या बाईंकडं का?' म्हणतो आणि जिना दाखवतो.