प्रश्न वाचकांचे : ब्लॅक माउंटन आणि मेक्सिको

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी अमळनेर येथे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. जर्मनीतील बाउहाउस ही कला आणि रचनेची शाळा बंद पडल्यावर तेथील शिक्षक योसेफ आल्बर्स अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात गेले, एवढे आम्हाला पदविकेच्या वर्गात शिकवले होते. मात्र ते आणि त्यांच्या विणकर पत्नी ॲनी आल्बर्स पुनःपुन्हा मेक्सिकोला जात असत आणि दोघांच्याही कामावर त्या देशाचा खोल ठसा आहे, असे नुकतेच वाचनात आले. चौकोनात चौकोन मांडणाऱ्या चित्रकाराला मेक्सिकोत नेमके काय मिळाले?

उत्तर : ब्लॅक माउंटन कॉलेज १९३३ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डोंगराळ भागात सुरू झाले आणि १९५७ मध्ये पैशांअभावी बंद पडले. कलेला अभ्यासक्रमाच्या कडेला न ठेवता मध्यभागी आणायचे आणि शेतीपासून इमारतीच्या बांधकामापर्यंतची कामे विद्यार्थी व शिक्षकांनी मिळून करायची, हा त्या शाळेचा प्रयोग होता. नाझी राजवटीच्या दबावाखाली १९३३ मध्ये बाउहाउस बंद झाले, त्याच वर्षाच्या अखेरीस आल्बर्स दांपत्य तेथे पोहोचले. पुढे १९३५ च्या शेवटी ते प्रथम मेक्सिकोला गेले आणि १९६७ पर्यंत डझनाहून अधिक वेळा जात राहिले.

या ओढीमागे एक व्यक्ती होती, आणि तिचे नाव आपल्याकडच्या पुस्तकांत क्वचितच येते. क्लारा पोर्सेत या मूळच्या क्युबाच्या. त्या १९३४ च्या उन्हाळ्यात ब्लॅक माउंटनला आल्बर्स यांच्याकडे शिकायला आल्या, त्यानंतर राजकीय कारणांमुळे मायदेश सोडून मेक्सिकोत स्थायिक झाल्या आणि भित्तिचित्रकार शावियेर गेरेरो यांच्याशी त्यांचा विवाह झाला. फर्निचरच्या रचनाकार म्हणून त्यांनी मेक्सिकोत मोठे काम केले. आल्बर्स दांपत्याला मेक्सिकोची वाट दाखवणाऱ्या व्यक्तींत त्यांचे स्थान पहिले आहे. शिष्येने गुरूला आपल्या नव्या देशात बोलावले आणि गुरू तेथे शिष्य होऊन वावरला, असे मला या घटनेकडे पाहताना वाटते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. ओआहाका प्रांतातील मितला येथे प्राचीन भिंतींवर पायऱ्यापायऱ्यांची भौमितिक नक्षी आहे. ती कोरून काढलेली नसून हजारो लहान तासीव दगड चुन्याशिवाय एकमेकांत नेमके बसवून तयार केलेली आहे. जवळच्याच मोन्ते अल्बान येथे डोंगरमाथा सपाट करून त्यावर चौक, पायऱ्या आणि चबुतरे उभारले आहेत. आल्बर्स यांनी या स्थळांची असंख्य छायाचित्रे काढली, ती कापून कागदावर एकमेकांशेजारी मांडली आणि उन्हाची एक बाजू व सावलीची दुसरी बाजू यांतून सपाट पृष्ठभागावर खोली कशी भासते, याचा अभ्यास केला. युरोपात अमूर्त चित्रकला ही विसाव्या शतकाची नवी गोष्ट मानली जात होती. येथे तर शेकडो वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी आणि विणकरांनी तीच भाषा पूर्णत्वाला नेलेली दिसत होती. मेक्सिको ही अमूर्त कलेची खरी भूमी आहे, अशा आशयाचे पत्र आल्बर्स यांनी १९३६ मध्ये आपले बाउहाउसमधील जुने सहकारी, चित्रकार कांदिन्स्की यांना लिहिले.

त्यानंतरचा टप्पा रंगांचा आहे. १९४६-४७ मध्ये कॉलेजातून वर्षभराची रजा घेऊन आल्बर्स मेक्सिकोत राहिले आणि १९४७ मध्ये त्यांनी 'व्हेरिअंट' किंवा 'अडोबी' या नावाने ओळखली जाणारी चित्रमालिका सुरू केली. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या तेथील घरांना अडोबी म्हणतात. आपल्या खान्देशातील धाब्याचे घर डोळ्यांसमोर आणा : माळवदाची सरळ आडवी रेघ, मातीची मोठी सपाट भिंत, तिच्यात गडद चौकटीचे दार आणि एखादी खिडकी. आल्बर्स यांच्या या चित्रांत जवळपास एवढेच आहे. मात्र खाली आखलेल्या चौकटीच्या जाळ्यामुळे प्रत्येक रंगाला मिळणारी जागा साधारण सारखी राहते, रंग ट्यूबमधून काढून न मिसळता सुरीने लावलेले असतात आणि तरीही शेजारचा रंग बदलला की तोच रंग पुढे येतो, मागे सरतो किंवा उजळतो. १९५० मध्ये सुरू झालेल्या चौकोनांच्या प्रसिद्ध मालिकेची पूर्वतयारी या मातीच्या भिंतींसमोर झाली, असे मी म्हणेन. चौकोनांची चित्रे तुम्ही वर्गात दाखवत असाल, तर त्यांच्या आधी मितलाच्या भिंतीचे छायाचित्र दाखवा. मुलांना ती चित्रे कोरडी वाटणार नाहीत.

प्रश्न : मेक्सिकोचे कोणी कलावंत प्रत्यक्ष ब्लॅक माउंटनला येऊन शिकवून गेले का, की सगळी ये-जा एकाच दिशेने होती? – एक वाचक, धुळे

उत्तर : आलेल्यांची संख्या थोडी आहे, परंतु १९४४ च्या उन्हाळ्यात आलेल्या झाँ शार्लो यांच्याविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे. शार्लो जन्माने फ्रेंच होते. मात्र त्यांच्या आईकडून मेक्सिकोशी रक्ताचे नाते होते आणि १९२० च्या दशकात मेक्सिकोत सुरू झालेल्या भित्तिचित्र चळवळीच्या पहिल्या फळीत ते होते. चळवळीतील इतर चित्रकार अजून मेण वितळवून रंगवण्याच्या पद्धतीत अडकले असताना त्यांनी मेक्सिको शहरातील नॅशनल प्रिपरेटरी स्कूलमध्ये ओल्या चुन्याच्या गिलाव्यावरील पहिल्या चित्रांपैकी एक पूर्ण केले. पुढे युकातानमधील चिचेन इत्सा या प्राचीन माया नगराच्या उत्खननात ते चित्रे व शिल्पे यांची रेखाटने करण्यासाठी काही हंगाम राहिले.

ब्लॅक माउंटनची मुख्य इमारत विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी स्वतःच्या हातांनी बांधलेली होती. तिच्या खालच्या काँक्रीटच्या खांबांवर शार्लो यांनी 'प्रेरणा' आणि 'विद्या' या विषयांवर दोन भित्तिचित्रे काढली. या तंत्रात ताजा गिलावा ओला असेपर्यंतच रंग भरावा लागतो, कारण चुना सुकताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचे कण त्या थरात कायमचे बंदिस्त होतात. म्हणून त्या दिवशी जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा, आणि चूक झाली तर तो तुकडा खरवडून काढून नव्याने सुरुवात करायची. विद्यार्थ्यांनी हे काम आपल्या डोळ्यांसमोर होताना पाहिले.

मला या भेटीचे मोल वेगळ्या कारणासाठी अधिक वाटते. आल्बर्स यांचा मेक्सिको प्रामुख्याने प्राचीन भिंतींचा आणि शुद्ध आकारांचा होता, तर भित्तिचित्रकारांचा मेक्सिको क्रांतीनंतरचा, शेतकऱ्यांची आणि मजुरांची कथा सार्वजनिक भिंतींवर सांगणारा होता. आकाराने कथा सांगू नये असे मानणाऱ्या शिक्षकाच्या शाळेत, मानवी आकृती आणि आशय यांना सर्वस्व मानणाऱ्या परंपरेचा कलावंत येऊन खांब रंगवतो, याला मी त्या शाळेचे मोठेपण समजते. दोन कलापरंपरांची देवाणघेवाण म्हणजे एकमत नव्हे, हे त्या इमारतीच्या खांबांवर दिसत होते.

प्रश्न : रूथ असावा यांची तारेची शिल्पे मेक्सिकोतील अंड्यांच्या टोपल्यांवरून घेतलेली आहेत, हे खरे आहे काय? तसे असेल, तर टोपल्या विणणाऱ्यांना त्याचे काय मिळाले? आमच्याकडे सातपुड्यात बांबूच्या टोपल्या, सुपे आणि डालकी विणणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या कलेचे नमुने शहरातील लोक घेऊन जातात आणि विणणाऱ्याचे नाव कोठेही राहत नाही, म्हणून विचारतो. – एक वाचक, शहादा, जि. नंदुरबार

उत्तर : होय, ते खरे आहे, आणि तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग या विषयातील सर्वांत महत्त्वाचा आहे.

रूथ असावा यांचा जन्म १९२६ मध्ये कॅलिफोर्नियात जपानी स्थलांतरित शेतकरी कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या आपल्याच रहिवाशांना छावण्यांत डांबले, त्यांत हे कुटुंबही होते. शिक्षिका होण्याचे शिक्षण घेत असताना, जपानी वंशाच्या मुलीला कोणत्याही शाळेत सराव-पाठ घेऊ दिले जाणार नाहीत असे कळल्यामुळे त्यांची पदवी अडली. १९४५ च्या उन्हाळ्यात त्या मेक्सिको शहरात गेल्या आणि तेथे क्लारा पोर्सेत यांच्या वर्गात बसल्या. आल्बर्स यांच्याविषयी त्यांना पोर्सेत यांनीच सांगितले. १९४६ मध्ये असावा ब्लॅक माउंटनला दाखल झाल्या आणि १९४७ मध्ये पुन्हा मेक्सिकोला गेल्या असता तोलुका येथे बाजारात अंडी ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तारेच्या टोपल्या विणण्याची पद्धत त्यांनी स्थानिक कारागिरांकडून शिकून घेतली.

या पद्धतीत साचा नसतो आणि तार जोडण्यासाठी धातूचा डागही द्यावा लागत नाही. एका सलग तारेचे फासे करत जायचे आणि प्रत्येक नवा फासा आधीच्या ओळीतील फाशात ओवत जायचे. फाशांची संख्या वाढवली की आकार फुगतो, कमी केली की आवळतो. असावा यांनी सुरुवातीला टोपल्याच विणल्या. त्यानंतर टोपलीचे तोंड बंद करून त्यांनी तिचे शिल्प केले आणि हळूहळू एकाच पृष्ठभागाला आतून बाहेर, बाहेरून आत वळवत, एका पारदर्शक आकाराच्या पोटात दुसरा आकार विणला. छताला टांगलेल्या त्या शिल्पांची सावलीही शिल्पाचा भाग ठरते. तंत्र तोलुकाचे, पारदर्शकतेचा आणि रिकाम्या जागेचा विचार आल्बर्स यांच्या वर्गातला आणि त्या दोहोंतून निर्माण झालेली वस्तू पूर्णपणे असावा यांची आहे.

आता विणणाऱ्यांविषयी. तोलुकाच्या त्या कारागिरांची नावे कलेच्या इतिहासाने जपली नाहीत, आणि हा अन्याय आहे, असे मी स्पष्टपणे म्हणते. असावा यांनी आपले तंत्र कोठून आले हे लपवले नाही, ही त्यांची प्रामाणिकता. तिच्यामुळेच आज आपल्याला तोलुकाचे नाव तरी माहीत आहे. ॲनी आल्बर्स यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला विणकामावरील ग्रंथ पेरूच्या प्राचीन विणकरांना आपले थोर गुरू म्हणून अर्पण केला. क्लारा पोर्सेत यांनी तर आणखी पुढचे पाऊल उचलले : १९५२ मध्ये मेक्सिको शहरातील बेयास आर्तेस या राष्ट्रीय कलाप्रासादात त्यांनी दैनंदिन जीवनातील कलेचे प्रदर्शन भरवले आणि हाताने घडवलेल्या घरगुती वस्तू व कारखान्यांतील उत्पादने एकाच मानाने मांडली. त्या काळाचा विचार करता हे धाडसच होते. तरीही श्रेय आणि पैसा यांची वाटणी समान झाली, असे म्हणता येत नाही. तुमच्या भागातील नमुना कोणी घेत असेल, तर त्याच्याकडे विणणाऱ्याचे आणि गावाचे नाव लिहिण्याचा आग्रह धरा, मोबदल्याचे आधी बोलून घ्या, आणि तुम्ही स्वतः छायाचित्र काढत असाल तर त्याखाली ती नावे आजच लिहून ठेवा, कारण दहा वर्षांनंतर ती कोणाला आठवणार नाहीत.

प्रश्न : भारतीय कलावंतांचा मेक्सिकोशी असा काही संबंध आला का? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : आला. चित्रकार सतीश गुजराल १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर मेक्सिकोला गेले आणि तेथील भित्तिचित्रकारांच्या सहवासात शिकले. पुढे भारतात त्यांनी केलेल्या भव्य भित्तिशिल्पांत ते शिक्षण जाणवते. हा विषय स्वतंत्र उत्तराचा आहे, म्हणून येथे एवढेच.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत रंग आणि कागद पुरेसे मिळत नाहीत. या प्रयोगशील शाळेच्या पद्धतीतून आम्हाला वापरता येईल असे काही आहे काय? – एक शिक्षक, ता. यावल

उत्तर : गुरुजी, ब्लॅक माउंटन कॉलेजकडेही पैसा नव्हता आणि तेथील उत्तम अध्यापन त्या अभावातच घडले. एक उदाहरण सांगते. मोन्ते अल्बान येथील सात क्रमांकाच्या थडग्यात १९३२ मध्ये पुरातत्त्वज्ञ अल्फोन्सो कासो यांना सोने, पाचूसारखा हिरवा दगड, मोती, शिंपले आणि स्फटिक एकत्र ओवलेले अलंकार सापडले. मौल्यवान सोन्याशेजारी साधा शिंपला त्याच मानाने बसवलेला पाहून ॲनी आल्बर्स आणि त्यांचे विद्यार्थी अलेक्झांडर रीड यांनी परत आल्यावर मोरीची जाळी, कागदाच्या क्लिपा, केसांच्या पिना, बुचे आणि नळाचे वॉशर यांचे हार तयार केले, आणि १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या विलर्ड गॅलरीत ते प्रदर्शित झाले. यावलच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात हे सगळे साहित्य मिळते. मुलांना एवढीच अट घाला की वस्तू तोडायची किंवा रंगवायची नाही. तिच्या आकारातूनच मांडणी शोधायची.

विणकाम शिकवताना ॲनी आल्बर्स सुरुवातीला विद्यार्थ्यांना मोठ्या मागाकडे नेतच नसत. काड्या, गवत, मक्याचे दाणे अशा साहित्यातून आधी पोताचा अभ्यास करून घेत आणि त्यानंतर लॅटिन अमेरिकेत चालत आलेला, एक टोक झाडाला व दुसरे स्वतःच्या कमरेला बांधून ताणायचा साधा माग विद्यार्थ्यांकडून करवून घेत. तुमच्या परिसरात केळीच्या खोडाचे सोपट, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि ज्वारीचा कडबा विपुल आहे. सोपटाचे ओले आणि वाळलेले पट्टे आलटून पालटून विणले, तर एकाच पदार्थाचे दोन रंग आणि दोन पोत मिळतात. वाळताना पट्टे आक्रसतात, म्हणून वीण पहिल्या दिवशी घट्टच ठेवावी.

लहान वर्गांसाठी मी रूथ असावा यांची एक रीत सुचवते. १९६८ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील एका सरकारी शाळेत कलावर्ग सुरू केला आणि मुलांच्या हाती मैदा, मीठ व पाणी यांचा गोळा दिला. प्रमाण चार वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि सुमारे दीड वाटी पाणी, असे ठेवावे. चांगले मळून आकार करावेत. भट्टी नसेल तर पातळ आकार कडक उन्हात वाळतात. बोटापेक्षा जाड केल्यास आत ओल राहून तडे जातात. याच मळलेल्या पिठात असंख्य मुलांनी व मोठ्यांनी केलेल्या आकृतींचे ब्राँझमध्ये ओतकाम करून असावा यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरजवळचे कारंजे घडवले, आणि ते १९७३ पासून तेथे रस्त्यावर उभे आहे. आपल्याकडे पीठ वाया घालवण्याविषयी पालकांना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. तसे असेल तर तापीकाठची चाळलेली चिकणमाती घ्यावी, तिला तडे जाऊ नयेत म्हणून त्यात थोडी बारीक वाळू मिसळावी, आणि वाळवण मात्र उन्हात न करता सावलीत करावी.