फोन आणि रक्ताचा नमुना

प्रश्न : आमचा मुलगा नशेच्या गोळीमुळे गेला. ‘त्याने स्वतःच घेतली’ म्हणून पोलिस हात झटकताहेत. विकणाऱ्यापर्यंत कसं पोहोचायचं?

उत्तर : आधी फोन सांभाळा. पासवर्डचे अंदाज करत बसू नका. बरेचदा चुकलं तर काही फोन सगळा डेटा पुसून टाकतात. सिमही चालू ठेवा. उरलेली गोळी, पाकीट न हाताळता पोलिसांना दाखवा, लेखी पोच घ्या.

शवविच्छेदनाबाबत लेखी विचारा : रक्त मांडीच्या शिरेतून घेतलं की हृदयातून? मृत्यूनंतर अवयवांतलं औषध हृदयाच्या रक्तात उतरतं, आकडा फुगतो. बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. फेंटानिल (अफूसारखं, पण कृत्रिम आणि फार तीव्र औषध) यासाठी वेगळी तपासणी मागा. अफूच्या नेहमीच्या प्राथमिक चाचणीत ते निसटतं. आणि विक्रेत्याला स्वतः मेसेज तर मुळीच नको, तो पुरावे पुसून मोकळा होईल.